बीपीच्या यंत्राशेजारी टेप हवी

४ मार्च हा जागतिक लठ्ठपणा दिन, १७ मे उच्च रक्तदाबाचा आणि १४ नोव्हेंबर मधुमेहाचा. तिन्ही दिवशी वर्तमानपत्रांत वेगवेगळे लेख येतात, वेगवेगळे तज्ज्ञ मुलाखती देतात, शिबिरांचे मांडवही वेगळे पडतात. घरात हीच वाटणी दिसते. बीपीची गोळी सकाळी चहानंतर, शुगरची जेवणाआधी; एकीचे डॉक्टर वेगळे, दुसरीचे वेगळे; दोन फायली, दोन पिशव्या. आणि पोट? त्याची फाइलच नसते. ‘जरा वजन उतरवा’ एवढं एक वाक्य केसपेपर परत देताना सांगितलं जातं. ही तीन दुखणी एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे वैद्यकशास्त्राने गेल्या चाळीसेक वर्षांत बारकाईने उलगडून दाखवलं आहे. आपल्या दवाखान्यांच्या रोजच्या कामात मात्र ते ज्ञान उतरलेलं नाही, आणि त्याचे परिणाम पेशंट भोगतो आहे.

या विषयातलं फार मोलाचं काम पुण्यात झालं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघेही अंगाने बेताचे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स दशांशापर्यंत सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा मात्र युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के निघालं आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वजन आणि उंचीच्या हिशेबात जी दोन माणसं तंतोतंत सारखी ठरत होती, त्यांतल्या एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी होती. भारतीय माणसाचं वजन ‘नॉर्मल’ आहे एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये, हे सांगायला यापेक्षा बोलका पुरावा नाही.

याज्ञिकांच्या गटाने हा धागा थेट जन्मापर्यंत नेला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवर फऱ्याखालची चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. पुणे आणि लंडन इथल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर वजनाच्या मानाने आपल्या बाळांत इन्सुलिन आणि लेप्टिन हे चरबीतून स्रवणारं संप्रेरक जास्त होतं. हाडकुळं दिसणारं बाळ चरबी राखून जन्माला येतं, आणि पुढे त्याला पोटभर अन्न व बसून करायचं काम मिळालं की ती चरबी पोटातच जमायला लागते. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, हातापायांनी सडसडीत आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणाशी गोल झालेल्या तरुणाची गोष्ट आईच्या पोटात असतानाच सुरू झालेली असू शकते. तेव्हा त्याला आळशी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. त्याच्या आईला तर मुळीच बोल लावू नये. तिच्या ताटात काय पडत होतं आणि तिच्याकडून शेतात-घरात किती काम करून घेतलं जात होतं, हे तिने एकटीने ठरवलेलं नव्हतं.

चरबी कुठे जमते याला महत्त्व आहे, हे मार्सेयचे डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं. मांड्या आणि नितंबांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी, कंबरेच्या वरची घातक, असा त्यांचा सांगावा होता. पुढची कितीतरी वर्षं तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. कारण तोवर चरबी म्हणजे नुसती साठवण, अडीअडचणीसाठी बांधून ठेवलेलं इंधन, अशीच समजूत होती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं आणि ती समजूत संपली. मेदपेशी स्वतः संप्रेरक तयार करून रक्तात सोडतात, ते मेंदूपर्यंत जातं, भूक आवरतं. पाठोपाठ अ‍ॅडिपोनेक्टिन सापडलं. आज अशा रसायनांची यादी लांबलचक आहे. थायरॉइड किंवा अ‍ॅड्रिनल यांना आपण जितक्या सहजपणे ग्रंथी म्हणतो, तितक्याच सहजपणे पोटातल्या चरबीलाही म्हणायला हवं. आणि ही ग्रंथी वाढली की तिचा स्राव बिघडतो.

आता इन्सुलिनकडे येऊ. जेवण झालं की रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरती दाद देईनासे झाले की त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं. एक-दोन महिने नव्हे, कित्येक वर्षं भागवतं. या सगळ्या काळात सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर नॉर्मल येते. रिपोर्ट पाहून घरात पेढे वाटले जात नाहीत एवढंच, पण सुटकेचा निःश्वास नक्की टाकला जातो. साखर रेषेच्या आत आहे ती दुप्पट इन्सुलिन खर्चून, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि बीपी बहुतेक वेळा याच काळात चढायला लागतं.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत इन्सुलिन जास्त असतं, असं ‘लॅन्सेट’मध्ये १९६६ सालीच छापून आलं होतं. पण लठ्ठपणामुळे दोन्ही वाढत असतील, असं म्हणून विषय मागे पडला. १९८७ मध्ये इटलीतल्या पिसा इथल्या एलेउतेरिओ फेर्रान्निनी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम असे रुग्ण निवडले, ज्यांचं वजन बेताचं होतं, मधुमेह नव्हता, फक्त बीपी होतं. इन्सुलिन देऊन त्यांचं शरीर साखर किती उचलतं हे मोजलं, तर निरोगी माणसांपेक्षा ते सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरलं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या बँटिंग व्याख्यानात हे सगळं एका माळेत ओवलं: इन्सुलिन रेझिस्टन्स, वाढतं बीपी, वाढलेले ट्रायग्लिसराइड, घटलेलं चांगलं कोलेस्टेरॉल. त्यांनी त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. आज दवाखान्यात ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात तो हाच, त्यात पोटाचा घेर मिळवला की झालं.

पण स्नायू इन्सुलिनला जुमानत नसतील तर त्याने रक्तदाब का वाढावा? इथे थांबून नीट समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. इन्सुलिनला सगळं शरीर एकाच वेळी दाद द्यायचं थांबवत नाही. मूत्रपिंडं ऐकतच राहतात. इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंडं लघवीवाटे मीठ कमी टाकतात, हे राल्फ डीफ्रॉन्झो यांनी १९७५ मध्ये दाखवलं. मीठ राहिलं की पाणी राहतं, आणि रक्तवाहिन्यांत भरणा वाढतो. सिंपथेटिक मज्जासंस्थाही ऐकत राहते. इन्सुलिन तिला चेतवतं, म्हणजे धोक्याच्या प्रसंगी जी हृदयाचे ठोके वाढवते आणि रक्तवाहिन्या आवळते, ती विनाकारण जागी राहते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात तर आणखी विचित्र प्रकार घडतो. निरोगी माणसात इन्सुलिन तिथे दोन मार्गांनी काम करतं. एका मार्गाने नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन वाहिनी सैलावते. दुसऱ्या मार्गाने एंडोथेलिन तयार होऊन ती आवळते. दोन्ही सांभाळून असतात. रेझिस्टन्समध्ये पहिला मार्ग मंदावतो आणि दुसरा तसाच राहतो. कालव्याच्या दोन चाऱ्यांपैकी एक गाळाने बुजावी, तिच्या टोकाच्या शेतात पाणी पोचत नाही म्हणून वरून दरवाजा आणखी उघडावा, आणि ते सगळं पाणी दुसऱ्या चारीतून वाहत जाऊन तिकडचं शेत उपळावं, तसं हे आहे. साखर आटोक्यात ठेवायला शरीर इन्सुलिन वाढवतं आणि वाढलेलं इन्सुलिन नको तिथे काम करत सुटतं.

लेप्टिनचंही हुबेहूब हेच होतं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं. खरं तर त्याने भूक मारायला हवी. पण मेंदूतली भुकेची केंद्रं त्याचं ऐकेनाशी होतात, आणि त्याच लेप्टिनने मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसांना दिलेला इशारा मात्र पोचत राहतो. भूक कमी होत नाही, बीपी वाढतं. उपयोगाचं काम बंद पडलं आणि उपद्रवाचं चालू राहिलं. याचा पुरावा फार अनपेक्षित ठिकाणी मिळाला. जगात काही थोडी माणसं जनुकातल्या दोषामुळे जन्मतःच लेप्टिनविना असतात. त्यांना अनावर भूक असते, लहानपणापासून ती अतिशय लठ्ठ असतात. एवढ्या लठ्ठपणाने त्यांचं बीपी आकाशाला भिडायला हवं होतं. ते तसं भिडत नाही. लठ्ठपणाने बीपी वाढतं त्यात शरीराचं ओझं हे एकच कारण नाही, चरबीने पाठवलेल्या निरोपाचा त्यात मोठा वाटा आहे, हे या दुर्दैवी माणसांमुळे कळलं.

अ‍ॅडिपोनेक्टिनची चाल उलटी आहे. ते चरबीतच तयार होतं, पण पोटातली चरबी वाढली की घटतं. ते असतं तेव्हा स्नायू आणि यकृत इन्सुलिनला चांगली दाद देतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. घटलं की दोन्ही बाजूंनी तोटा. शिवाय मेदपेशी अँजिओटेन्सिनोजेन बनवतात, आणि त्यापासून पुढे तयार होणारं अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं व अल्डोस्टेरोन या संप्रेरकाला जागं करून मीठ अडवतं. बीपीच्या ज्या गोळ्या आज सर्रास लिहून दिल्या जातात, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वगैरे, त्या याच साखळीवर काम करतात. मूत्रपिंडांभोवती साचलेली चरबी त्यांना बाहेरून दाबते ते निराळंच. आणि फुगलेल्या मेदपेशींतून दाह वाढवणारी रसायनं सुटतात, ती पुन्हा इन्सुलिनच्या वाटेत आडवी येतात. चक्र पूर्ण होतं.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. केवळ इन्सुलिनला गुन्हेगार ठरवून भागत नाही. स्वादुपिंडात इन्सुलिन ओकणारी गाठ झालेल्या रुग्णांच्या रक्तात ते भरमसाट असतं, तरी त्यांचं बीपी त्यामुळे वाढलेलं दिसत नाही. अ‍ॅरिझोनातल्या पिमा जमातीत लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही प्रचंड. पण गोऱ्या अमेरिकनांत इन्सुलिन रेझिस्टन्स आणि रक्तदाब यांचं जे नातं दिसतं, ते त्यांच्यात आढळलं नाही. म्हणजे चरबी, तिची संप्रेरकं, मज्जासंस्था, मूत्रपिंड आणि आनुवंशिकता यांचं जाळं आहे. इन्सुलिन हा त्यातला एक जाड दोर. ‘इन्सुलिन कमी करा, सगळे रोग पळतील’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं आश्वासन म्हणूनच खरं मानू नये.

आता आपल्याकडचे आकडे पाहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशभरातल्या एक लाखाहून अधिक प्रौढांची ती पाहणी. ११.४ टक्के लोकांना मधुमेह, १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. हे आकडे वर्तमानपत्रांत मोठ्या टायपात छापून आले. त्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे होते. वजन-उंचीच्या हिशेबाने लठ्ठ ठरलेले लोक २८.६ टक्के होते, आणि पोटाच्या घेराने लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के. या दोन आकड्यांतल्या फरकाकडे डोळे उघडून बघायला हवं. वजनकाट्यावर जे सहीसलामत सुटतात, त्यांतले कित्येक लाख, किंबहुना कोट्यवधी लोक टेपमध्ये अडकतात. आणि वर सांगितलेली सगळी भानगड टेपमध्ये अडकणाऱ्या चरबीचीच आहे.

मग ही टेप कुणाच्या हातात आहे? गावातल्या आशाताईच्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषासाठी तिला एक तपासणी अर्ज भरावा लागतो. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, हे प्रश्न असतात, आणि कंबरेचं माप असतं. बाईचं माप ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. पुरुषाला हीच पायरी ९० आणि १०० ची. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. किती साधं आणि किती शास्त्रशुद्ध! तुटपुंज्या मानधनावर, उन्हातान्हात दारोदार फिरणारी ही बाई जे मोजते, ते शहरातल्या वातानुकूलित दवाखान्यात मोजलं जात नाही. तिथे बीपीचं यंत्र असतं, ईसीजी असतो, सोनोग्राफीची चिठ्ठी मिळते, आठ-दहा हजारांचं ‘एक्झिक्युटिव्ह चेकअप’ असतं. टेप नसते, आणि असली तर ती खणातून बाहेर निघत नाही.

माप घ्यायला मिनिटभर लागतं, पण ते नीट घेतलं पाहिजे. ‘माझी कंबर चौतीस’ असं जो पँटच्या लेबलावरून सांगतो, त्याचा पट्टा बहुधा पोटाच्या खाली बांधलेला असतो. ते कंबरेचं माप नव्हेच. शर्ट वर घ्यायचा, पावलं किंचित फाकवून सरळ उभं राहायचं. सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची, मागच्या बाजूने ती खाली घसरलेली नाही ना हे कुणाकडून तरी बघून घ्यायचं. श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून काढलेलं माप फसवं असतं. पुरुषाला ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, बाईला ८० म्हणजे साडेएकतीस इंच. त्यापुढे गेलं की डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. सेंटिमीटर लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, एवढं लक्षात ठेवावं.

स्त्रियांच्या बाबतीत आपली हेळसांड जास्त आहे. साडीत किंवा सैल ड्रेसमध्ये घेर झाकला जातो, आणि दवाखान्यात तो मोजायचा म्हणजे संकोच. बाळंतपणानंतर पोट सुटणारच, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. गरोदरपणात ज्यांची साखर किंवा बीपी वाढलं होतं, त्यांना पुढच्या आयुष्यात या दोन्ही व्याधींचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायला हवी आणि त्यानंतरही अधूनमधून. प्रत्यक्षात बाळाचं लसीकरणाचं कार्ड जपलं जातं आणि आईची फाइल बंद होते. पीसीओडी झालेल्या मुलींना ‘लग्न झाल्यावर होईल ठीक’ म्हणून परत पाठवतात. त्यांतल्या बहुतेकींच्या दुखण्याच्या मुळाशी हाच इन्सुलिन रेझिस्टन्स असतो. त्यांचं बीपी विशीत मोजायला काय हरकत आहे?

औषधांच्या निवडीतही हा संबंध विसरून चालत नाही. ब्रिटन आणि उत्तर युरोपातल्या १९ हजारांहून अधिक बीपी-रुग्णांवर झालेल्या ‘अ‍ॅस्कॉट’ या चाचणीचे निकाल २००५ मध्ये आले. अटेनोलॉल आणि गरजेप्रमाणे थायझाइड हे जुन्या पद्धतीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना करता, अ‍ॅम्लोडिपिन आणि गरजेप्रमाणे पेरिंडोप्रिल घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. जुन्या गोळ्या टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. हृदयाच्या काही विकारांत त्या प्राण वाचवतात. पण ज्याची कंबर ९८ सेंटिमीटर आहे आणि ज्याच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्याला बीपीची पहिली गोळी लिहिताना डॉक्टरांना हे आठवायला हवं. कंबरच मोजली नसेल तर आठवणार कसं? इथे वाचकांना हात जोडून सांगणं आहे: हे वाचून आपली चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, बदलू नका. प्रश्न मात्र जरूर विचारा.

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द घराघरांत नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांनी. दिवसातून दोनच वेळा जेवा, मधे काही तोंडात टाकू नका, हा त्यांचा सल्ला डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभा आहे. त्या सल्ल्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असणारच. पण दर दोन तासांनी बिस्किट, फरसाण, साखरेचा चहा या आपल्या खाण्याला त्याने लगाम घातला, हे माझ्या मते चांगलंच झालं. काळजी वाटते ती एका गोष्टीची. शुगरची गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असताना डॉक्टरांना न सांगता जेवणं कमी केली की साखर एकदम खाली जाऊ शकते. खाणं आणि त्याबरोबर इन्सुलिन घटलं की मूत्रपिंडं अडवलेलं मीठ सोडतात, बीपीही उतरतं. जुन्याच डोसाची गोळी चालू असेल तर उभं राहताना भोवळ येते. म्हणजे हा उपाय लागू पडतो तेव्हाच औषधाचा डोस नव्याने ठरवावा लागतो. तो घरी बसून ठरवता येत नाही.

वजन उतरल्याने बीपी किती उतरतं? ढोबळमानाने एका किलोला वरचा आकडा एकाने. पाच-सहा किलो उतरले तर एखाद्या सौम्य गोळीइतकं काम होतं, आणि तेही साखर, ट्रायग्लिसराइड, घोरणं, गुडघे या सगळ्यांवर एकदम. पोटातली चरबी आधी वितळते हे त्यात विशेष. २०२५ मध्ये भारतात आलेली वजन उतरवणारी इंजेक्शनं बीपीही उतरवतात. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण महिन्याला काही हजार रुपये खर्चून ज्याला ती परवडत नाहीत, त्याच्यासाठी आपल्याकडे उपाय नाही असं कुणी समजू नये. स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवाचून उचलतात. हा मार्ग रेझिस्टन्समध्येही शाबूत असतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, जिना चढणं, आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. आपल्या जन्मजात कमी स्नायूंच्या लोकांना तर याची गरज सर्वांत जास्त. ताटातलं लोणचं, पापड, वरून भुरभुरलेलं मीठ कमी करणंही याच माणसांना जास्त लागू पडतं, कारण त्यांची मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात.

महाराष्ट्र हे २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या पहिल्या पाच राज्यांपैकी एक. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीपीची नोंद ठेवायची, ठरावीक क्रमाने गोळ्या द्यायच्या, पेशंट परत आला की नाही ते पाहायचं, ही शिस्त त्यातून आली आणि ती कौतुकास्पद आहे. त्याच नोंदीत बीपीच्या आकड्याशेजारी कंबरेचा रकाना हवा, दर भेटीला भरलेला. खासगी डॉक्टरांच्या संघटनांनीही आपल्या सभासदांना एवढा एक नियम घालून द्यावा. वीस-पंचवीस रुपयांची टेप आहे. त्यासाठी निधी, निविदा, समिती यांतलं काहीही लागत नाही.

आणि वाचकहो, तुमच्याकडून एक मागणं आहे. पुढच्या वेळी बीपी दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, माझी कंबरही मोजा आणि आकडा केसपेपरवर लिहा. बायकोला, आईला, कामाला येणाऱ्या मावशींना बरोबर नेलंत तर त्यांचीही मोजून घ्या.